पंपघरामागचे वाफे

मित्रांनो, माझे पाते आता बोथट झाले आहे आणि मूठ धोंडिरामांच्या तळहाताच्या आकाराने झिजली आहे. मी त्यांचे खुरपे.

कराडकडच्या एका लोहाराने मला घडवले. धोंडिरामांनी मला पिशवीत घालून मुंबईत नाहूरला आणले. त्यांच्या इमारतीत पंपघरामागे मातीची एक चिंचोळी पट्टी होती. पाऊस सरला, की ते तिथे वाफे करायचे. मेथी, मुळा, पालक. कारखान्यात असताना त्यांचा अंगठा यंत्रात सापडून ताठ झाला होता. त्यामुळे माझ्यावर सगळा जोर तळहाताच्या कडेचा यायचा आणि प्रत्येक ओळ शेवटी डावीकडे वळायची. त्यांच्या पत्नी नंदाताई त्यावर हसायच्या. भाजी मात्र साऱ्या मजल्यांवर जायची.

यंदा भर पावसाळ्यात धोंडिराम गेले. नंदाताईंनी मला पंपघरात खिळ्याला अडकवले आणि दाराला कुलूप लावले. त्या खाली येईनाशा झाल्या. सोसायटीचे सचिव हर्षद यांनी त्या पट्टीवर लाद्या बसवून दुचाक्या लावू का, असे विचारले, तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या. ती माती त्यांना बघवत नव्हती.

ऑक्टोबरमधली दुपार होती. पंपघर तापले होते. अचानक माझ्या मुठीभोवती बोटे आवळली. ती ओली आणि गार होती. अंगठा कुठेच टेकला नाही. दार उघडल्याचे मला आठवत नाही. आठवते ती ओलसर माती आणि माझ्यावर येणारा तो ओळखीचा भार. उन्हात सावली पडली होती ती माझी एकट्याची.

गवंडी लाद्या घेऊन आले, तेव्हा वाफे तयार होते आणि मी कडेला पडलेले होते. पंपघराचे कुलूप जसेच्या तसे होते. हर्षदनी नंदाताईंना खाली बोलावले आणि हे कोणी केले, असे विचारले. नंदाताईंनी वाकून पाहिले. सगळ्या ओळी शेवटी डावीकडे वळल्या होत्या. त्या सावकाश मातीतच बसल्या.

"हर्षद, लाद्या परत पाठव," त्या म्हणाल्या. "पेरायचं राहिलंय."

त्यांनी घरातून बी आणून त्याच ओळींत पेरले. मेथी वर आली. पण दुपारी इमारत सुस्तावली, की ती गार बोटे पुन्हा यायची. उगवलेल्या ओळी सोडून पुढची जमीन उकरायची. थांबायचीच नाहीत. एकदा नंदाताईंनी ते पाहिले. मी आपोआप उठत होते, मातीत जात होते. त्या पळाल्या नाहीत. जवळ येऊन त्यांनी माझ्या मुठीवर, त्या बोटांवरच, हात ठेवला.

"अहो, पुरे आता. यापुढचं मी बघते."

बोटे थोडा वेळ तशीच राहिली. मग एकेक करून सुटली.

आता नंदाताई रोज मला घेऊन बसतात. मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या कोणाचे खुरपे, झारी, विळी पडून असेल. ती कुलपात ठेवू नका. पुसा, हातात घ्या, कामाला लावा. म्हणजे ज्यांची ती होती, त्यांना उठून यावे लागत नाही.