माळ्यासकट आवृत्ती

मामंजींचा संगणक रविवारी भंगारात काढायचा, असं नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं. नवा आणून बैठकीत ठेवलासुद्धा. जुन्याला नवी प्रणाली पेलत नव्हती. सुरू होता होता धापा टाकायचा आणि मान टाकायचा. पण त्याच्या बटणावर सासूबाईंनी लाल नेलपॉलिश लावून ठेवलं होतं, मामंजींना चष्म्याशिवाय सापडावं म्हणून. त्या गेल्या, तरी मामंजी रोज सकाळी ते बटण दाबत आणि काही उघडलं नाही तरी समोर बसून राहत.

ते सुनेला बघवेना. संगणक चालवणारी ती प्रणाली खुली होती. कुणीही आतलं नको ते काढावं आणि आपली आवृत्ती बांधावी. म्हाताऱ्या यंत्राला झेपेल अशी हलकी बांधायची, एवढंच. मग मामंजींना विचारून करावं म्हणून तिने त्यांना शेजारी बसवलं आणि तिथेच फसली.

"प्रिंटरचे प्रोग्रॅम काढते हं. आपल्याकडे प्रिंटर नाहीये."

"राहू दे. उद्या कुणी पाहुणा प्रिंटर घेऊन आला तर?"

"पाहुणा प्रिंटर कशाला आणेल?"

"आणलाच, तर काय दारातून परत पाठवशील?"

"बरं, या ढीगभर भाषा? आपल्याला एकच येते."

"चिडलीस की तुला तीही सुचत नाही. असू देत जास्तीच्या."

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, पत्त्यांचे खेळ काढाल तर बघा!" तेही राहिले, वर आणखी दोन आले.

बांधून झालेली आवृत्ती मूळच्यापेक्षा जड निघाली. नवरा डोकावून म्हणाला, "हलकी करणार होतीस ना? हिला तर दिवस गेलेत!"

 एक जुनी वायर हवी होती म्हणून सून माळ्यावर चढली. मिक्सरचं खोकं ओढलं, तर हातात हवा. पंख्याचं, रेडिओचं, इस्त्रीचं, सगळी रिकामी. वस्तू कधीच्या मोडीत गेलेल्या, खोकी मात्र झाडूनपुसून रचलेली.

ती खाली उतरली आणि कुणालाही न विचारता आवृत्तीतलं नको ते सगळं उडवलं. मग 'माळा' नावाचा एक फोल्डर केला आणि काढलेल्या प्रत्येक गोष्टीच्या नावाचा रिकामा फोल्डर त्यात ठेवला.

रविवारी मामंजींनी लाल बटण दाबलं. संगणक धाप न लागता उघडला. मामंजींनी माळा उघडला, एकेक नाव वाचलं. 'प्रिंटर'वर टिचकी मारली. आत काहीच नव्हतं. 

त्यांनी खोक्याचं झाकण लावावं तसा तो हलकेच बंद केला.

"प्रिंटर आहे," ते म्हणाले.

"आहे की."

"मग पाहुण्यांची काळजी मिटली." ते मुलाकडे वळले. "तो नवा परत देऊन ये रे."

नवऱ्याने मुकाट्याने नवा संगणक खोक्यात भरला आणि दाराकडे निघाला.

"अरे, अरे," मामंजी कळवळून ओरडले, "खोकं कुठे नेतोस?"