टोपीवाले काका

मुंजाजीची आरोळी जिंतूर तालुक्यातल्या त्या गावात लहानथोरांच्या ओळखीची. सोयाबीनमध्ये रोही, म्हणजे नीलगायी, शिरले की हा शेताच्या धुऱ्यावर उभा राहून अशी हाळी द्यायचा, की तीन शेतांपलीकडचं जनावरसुद्धा शेपूट उचलून पळायचं. घरात बायको कमलबाईपुढे हाच आवाज पार खाली उतरायचा, ते जाऊ द्या.

त्याची लेक वैष्णवी विदर्भातल्या एका सफारी पार्कात बस चालवायची. तिथं जनावरं मोकळी आणि माणसं जाळीत, असा सगळा उलटा मामला. तिला ट्रॅक्टरवर शिकवलं मुंजाजीनंच, त्यामुळे लेकीचं नाव निघालं की त्याची छाती फुगायची. पण भावकीतले दत्तराव मोठे खवचट. मोबाइलवर तिचा स्टिअरिंगवरचा फोटो पाहून ते पारावर म्हणाले, "फोटोपुरतं कुणीबी बसतंय. तिकिटं फाडत असंल पोरगी."

हे मुंजाजीच्या जिव्हारी लागलं. दिवाळी होताच त्यानं जिंतूरची एस्टी ठरवली, गल्लीतली माणसं भरली आणि दत्तरावांना मुद्दाम खिडकीची जागा दिली. लेक खरोखर ड्रायव्हर आहे, हे गावानं डोळ्यांनी बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

एस्टी पार्कच्या फाटकाबाहेर थांबली आणि मंडळी सफारीच्या बसमध्ये चढली. खाकी शर्टातली वैष्णवी आली, आईकडे बघून जरा हसली, स्टिअरिंगवर बसली आणि माइक हातात घेतला.

"कुणी उठायचं नाही, आवाज करायचा नाही, हात बाहेर काढायचा नाही."

मुंजाजीनं दत्तरावांकडे पाहिलं. "एवढ्या सरळ रस्त्यावर काय," दत्तराव पुटपुटले, "कुणीबी चालवतंय."

अस्वल दिसलं. झाडावरून लोंबणारी बिबट्याची शेपटी दिसली. कमलबाईनं दोघांनाही हात जोडले. मग दुसऱ्या कुंपणाचं फाटक ओलांडल्यावर एका वळणावर हिरव्यागार गवतात रोह्यांचा कळप निवांत चरताना दिसला, आणि मुंजाजीच्या अंगात त्याचं शेत संचारलं. कधी उठला, कधी बसचा पत्रा बडवला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"हाऽऽड! हाऽऽड रे!"

कळप उधळला आणि थेट बसच्या पुढ्यात आला. घातच व्हायचा. पण वैष्णवीनं बस अशी थांबवली की कमलबाईच्या मांडीवरचा धपाट्यांचा डबासुद्धा जागचा हलला नाही. तिनं इंजिन बंद केलं. कळप पलीकडे गेला, एक पिल्लू मात्र अलीकडेच थरथरत राहिलं. माणसं एकदम बोलू लागली, तसा माइकवर आवाज आला, "टोपीवाले काका, खाली बसा. पुन्हा आवाज केलात तर फेरी इथंच थांबवून बस परत नेईन."

सख्ख्या बापाला काका म्हणाली. मुंजाजीचे कान तापले. लेकीचं नाव करायला आलो आणि तिच्याच कामात माती कालवली, असं वाटून त्याला फार लाज वाटली. तो मुकाट्यानं बसला आणि टोपी काढून हातात धरली. पिल्लू आईपाशी पोचेपर्यंत बस हलली नाही. मध्येच दत्तराव खोकले, तर आरशातून एक नजर मागे आली आणि त्यांचा खोकलाही थांबला.

खाली उतरल्यावर मात्र दत्तरावांना कंठ फुटला. "चारचौघांत पोरीनं बापाला गप केलं, मुंजाजी. ही कंची रीत म्हणायची?"

वैष्णवी बापाच्या पाया पडायला वाकली होती, ती तशीच थबकली. "अण्णा, तिथं मला बोलावंच लागलं," ती हळूच म्हणाली. "लय वाईट वाटलं का?"

मुंजाजीनं तिला दंडाला धरून उठवलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"आख्ख्या गावात मला खाली बसवणारं कुणी हाय का, दत्तराव?" तो म्हणाला. "न्हाई ना? माह्या लेकीनं बसवलं. आता तुमीच सांगा, गाडी कुणाच्या हातात हाय."