खांबांमधली भिंत

कृष्णातची पहिली थोबाडीत इतकी जोरात बसली, की सम्मेद मगदूमांचा चष्मा उडून शेणात पडला. दुसऱ्या तडाख्याला ओठ फुटला.

"परत तपासायला आलास व्हय रं? तपास की! माझी बायकू गेली, त्ये बी लिव!"

पंचगंगेकाठच्या या वस्तीवर सरकारनं पूरग्रस्तांना खांबांवरची घरं दिली होती. वर माणसांनी राहायचं, खालून पुराचं पाणी वाहून जायचं. योजना उत्तम. फक्त नकाशा काढणाऱ्या कुणाच्याच दारात म्हैस नसावी. म्हशीला जिना कुठला चढता येतो? मग लोकांनी खांबांमध्ये विटांच्या भिंती घालून खाली गोठे केले.

ही घरं तपासायचं काम मगदूमांचं. तीस वर्षं नोकरी, कुणाशी वरच्या आवाजात बोलणं नाही. दोन वर्षांपूर्वी फॉर्मवर प्रश्न होता, 'खांबांमधली जागा मोकळी आहे का?' समोर कृष्णातची नवी भिंत होती, आत गाभण म्हैस. मगदूमांच्या आईनंही म्हशींवरच पोरं वाढवली होती. 'नाही' लिहिलं तर भिंत पाडावी लागणार होती. त्यांना दया आली. त्यांनी 'होय' लिहिलं.

गेल्या पुरात पाणी त्या भिंतीला अडलं. कृष्णातची बायको मोना म्हशी सोडायला खाली उतरली आणि भिंत तिच्या अंगावर आली. आज योजनेचं मूल्यमापन करायला आले, तेही मगदूमच.

"भिंत दिसली न्हवती तुला?"

"दिसली होती."

कृष्णातनं त्यांना खाली पाडलं आणि छातीवर बसून बुक्क्या घातल्या. मगदूमांनी हात वर केला नाही. शेजारच्या केरबानं त्याला कसंबसं बाजूला ओढलं.

"मरंल की त्यो!"

"मरू दे, आण्णा! ह्येनं तवाच न्हाय लिवलं असतं तर मी पाडली असती रं भिंत!"

मगदूम उठून बसले. शेणातला चष्मा पुसून घातला, फॉर्म शोधला. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं, मोठ्यांदा वाचतही गेले, "भिंत पाहूनही मी होय लिहिले. त्यामुळे मोना कृष्णात यांचा जीव गेला." खाली सही केली. नोकरी जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

मग ते शेजारी केरबाच्या घराकडं गेले. तिथंही तशीच भिंत, आत दोन म्हशी. कोपऱ्यातली पहार त्यांनी उचलली.

"सायेब, भिंतीला हात लावलासा तर तंगडं मोडीन."

"मोडा की. पर आज ही पाडायचीच."

त्यांनी घाव घातला. नुसता टवका उडाला. केरबानं त्यांची गचांडी धरून भिंतीवर आदळलं, पुन्हा आदळलं. तेवढ्यात कृष्णात आला आणि त्यानं मगदूमांच्या हातून पहार हिसकावली. आता डोकंच फुटतंय म्हणून बायका किंचाळल्या.

कृष्णातनं घाव भिंतीवर घातला. ओरडत, शिव्या देत तो घालतच राहिला. विटा ढासळल्या, म्हशी दाव्याला हिसके देऊ लागल्या. हाताएवढं भोक पडलं आणि पलीकडची नदी दिसली. तशी पहार टाकून तो मटकन खाली बसला आणि मोनाला हाका मारून रडायला लागला.

केरबानं मगदूमांची गचांडी सोडली. मग त्यानं दोन्ही म्हशी सोडून बाहेर आणल्या.

"धरा," म्हणून दावी मगदूमांच्या हातात दिली आणि पहार उचलली.