झिरा भरेपर्यंत

सायली नगरला एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या चित्रांचं पहिलंच प्रदर्शन भरणार होतं आणि मधल्या भिंतीवर खर्ड्याजवळच्या तिच्या गावच्या नदीचं मोठं चित्र लागणार होतं. त्या चित्रासाठी संगीत करायला तिनं धाकट्या भावाला, सम्राटला सांगितलं. तो सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता, पण सुट्टी मिळाली की बासरी काढून बसायचा.

चित्राचा फोटो तिनं मोबाईलवर पाठवला. सम्राटनं तो एकदा पाहिला आणि लगेच कामाला लागला. नदी म्हटल्यावर जे जे सुचलं ते सगळं त्यानं त्यात ओतलं. खळखळणारी बासरी, कीबोर्डचे लांब सूर, मधूनच तबल्याची लगबग. रविवारी तो मोठ्या उत्साहानं बहिणीच्या घरी ऐकवायला गेला. आई, गीताबाई, गावाहून आलेलीच होती.

सायलीनं शेवटपर्यंत ऐकलं. "वाजवलंयस छान," असं म्हणून ती चहा ठेवायला उठली.

सम्राटचा चेहरा उतरला. "आवडलं नाही ना? सरळ सांग की ताई."

"अरे, एवढं पाणी आपल्या नदीला असायचं तरी कधी?"

भिंतीला टेकवलेलं चित्र त्यानं तेव्हा कुठे नीट पाहिलं. नुसती वाळू, काठावर एक बाभळ, आणि पात्राच्या मधोमध काळसर ठिपका. फोटोत तो त्याला दगड वाटला होता. ती तर बसलेली बाई होती.

"ही कोण?"

"मीच की," आई म्हणाली. "तू लई ल्हान हुतास. उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरायचा आन् बसायचं. वाटीभर पानी साचलं की हंड्यात वतायचं, पुन्ना बसायचं."

"कंटाळा नाही यायचा?"

"कटाळा कशाचा? दिसभरात तेवढंच बसाया मिळायचं मला. ही पोरगी संगं असायची, वाळूत रेघोट्या वढत."

सायली चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती. सम्राटनं बासरी काढली.

"आई, कसं भरायचीस ते दाखव बरं."

आई हसली, लाजली, मग फरशीवर बसून तिनं रिकामी वाटी हातात धरली. तिचा हात खाली गेला की सम्राट दोन-तीन खालचे सूर वाजवी आणि हात थांबला की थांबे. वाजवणं सोपं होतं, थांबणं जमेना. मधली जागा भरून टाकायला त्याची बोटं शिवशिवत आणि दर वेळी तो घाई करी.

"आरं, गढूळ हुईल," आई म्हणायची. "निवळू दे जरा."

संध्याकाळ होईतो दोघं तसेच बसले होते. तबला गेला, कीबोर्ड गेला. उरली एकटी बासरी, तीही मधेमधे गप्प.

प्रदर्शनाच्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ सायलीला म्हणाले, "मॅडम, तुमचा स्पीकर बंद पडलाय."

"चालू आहे काका," ती म्हणाली. ते चित्रासमोर उभे राहिले आणि सूर पुन्हा आले तरी बराच वेळ हलले नाहीत.

आईला जामखेडच्या एसटीत बसवायला दोघंही स्टँडवर गेले. खिडकीतून तिनं आपला मोबाईल सम्राटच्या हातात दिला.

"ते वाजवलंस ना, ते यात टाकून दे."

"गावात कुणाला ऐकवणार?"

"कुनाला न्हाई. माझं मला."