तापाच्या सालातला ठिपका

मी एक ठिपका बोलतोय. पडद्यावर धावणारा, नारिंगी, वाटाण्याएवढा. बोलावं की नाही, हेच ठरत नव्हतं. ठिपक्याचं कोण ऐकतं?

माझा जन्म एका निवृत्त प्राध्यापकांच्या संगणकावर झाला. डावीकडून उजवीकडे देशाची कमाई, खालून वर माणसांचं सरासरी आयुर्मान. कळ दाबली की सालं पळतात आणि सगळे देश ठिपके होऊन त्यांच्यामागे. मला पाय नाहीत, तरी पायाला भिंगरी. मोठ्या देशांचे गोळे अंगावरून जातात तेव्हा जीव मुठीत धरून पलीकडे निघतो.

मी तसा गुणी. कधी घसरलो नाही. सर व्याख्यानात माझंच उदाहरण देणार होते.

आदल्या दिवशी सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. मी ज्या देशाचा, तेच बाईंचं माहेर.

“अहो, परत लावा बरं हे. तापाचं साल कुठाय?”

“त्या साथीच्या आगेमागे तीन वर्षं मोजणीच झाली नाही गं. अलीकडचा आणि पलीकडचा आकडा घेऊन यंत्र मधली वाट सरळ आखतं. सगळे असंच करतात.”

“म्हणजे माझा दादा गेला, गल्लीतली निम्मी दारं बंद झाली, आणि तुमचा हा शहाणा तेव्हा ढेकर देत वर चढत होता?”

सर हसायला गेले. जमलं नाही.

मी चपापलो. खरंच चढलो होतो का मी? मला तर तापाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

सरांचं कशात लक्ष लागेना. ठिपका खाली ओढावा, तर किती? तोही अंदाजच. तसाच ठेवावा, तर जेवताना समोर कोण बसणार आहे? शेवटी तेवढ्या वर्षांपुरता त्यांनी माझा रंग काढून घेतला.

भर सभागृहात मी धावत आलो आणि त्या सालापाशी नुसती कडा उरलो.

“सर, बिघडलं वाटतं!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

“बिघडलं नाही,” सर म्हणाले. “इथे किती माणसं गेली, ते कुणी मोजलं नाही. त्यांत माझे मेहुणे होते.”

हशा विरला. पहिल्या रांगेत बाई ताठ बसल्या.

आजही कळ दाबली की मी धावतो. थांबणं माझ्या हातात नाही. पण त्या रिकाम्या वर्षांत शिरलो की रेंगाळावंसं वाटतं. कळेवरचं बोट तुमचं आहे. तेवढं तिथे उचला. दादाला ओलांडून जायची मला घाई नाही.