छगनची हरवलेली चप्पल

सुरतेत लूमच्या कारखान्याला आम्ही 'खातं' म्हणतो. खात्यात माग सुरू झाले की माणसाचा आवाज स्वतःच्या मिशीपलीकडं जात नाही. मी एकदा होळीला ओरडून चहा मागितला होता. तो आवाज दिवाळीच्या सुट्टीत माग बंद पडल्यावर बाहेर ऐकू गेला आणि चहाच्या टपरीवरची मंदा गरम कप घेऊन हजर झाली. ज्याला पटत नसेल त्यानं खात्यात उभं राहून एक चहा मागून बघावा.

म्हणून आम्ही खात्यातली माणसं ओठांनी बोलतो. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचं. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत शिव्या जातात, शेठची नक्कल होते, सोयरिकीसुद्धा जुळतात. अमळनेरहून नवा आलो तेव्हा मला ही विद्या छगननं शिकवली. पुढं त्याचा मुलगा ललित खात्यात लागला, त्यालाही छगननंच शिकवली. छगनची बायको धुरपदाबाई बॉबिन भरायला यायची, तिला शिकवायची गरजच पडली नाही. लग्नाआधीपासून ती छगनच्या मनातलंही वाचायची.

हे आधी सांगितलं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दोनेक वर्षांनी छगन पिवळा पडला. तोवर पलसाण्याच्या रंगाई मिलमध्ये कापड पिवळं होताना आम्ही पाहिलं होतं, माणूस नव्हता पाहिला. डोळे हळदीचे, अंगाला खाज, पँट करदोट्याला बांधायची वेळ. ललितनं त्याला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. तिथं पोटात नळी टाकून पित्ताची वाट मोकळी केली, कसल्या कसल्या मशीनखालून काढला, आणि एका दुपारी डॉक्टरनं ललितला बाजूला बोलावलं.

मी छगनच्या खाटेपाशी स्टुलावर बसलो होतो. ललित वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघूनच माझ्या हातातलं मोसंबं अर्धं सोललेलं राहिलं. त्यानं आवाज न काढता ओठ हलवले. "कॅन्सर. स्वादुपिंडाचा. लिव्हरपर्यंत गेलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. आबाला सांगू नका. कावीळ म्हणा."

मीही ओठ हलवले. "बरं."

किती सावध होतो आम्ही! हूं की चूं नाही. आणि आमच्या दोघांच्या मधे, उशीला टेकून, डोळे किलकिले करून पडला होता तो माणूस, ज्यानं आम्हा दोघांना ही विद्या शिकवली होती.

डॉक्टर माणूस सरळ होता. ललितला म्हणाला, "मुंबईला नेऊन हाल करू नका. जे आवडेल ते थोडं थोडं खाऊ द्या. पाठ-पोट दुखेल, फार दुखेल. दुखतंय म्हणाले की या गोळ्या सुरू करा, मला कळवा, मी मात्रा बसवून देतो. एकच करा, सहन करायला लावू नका." ललितनं त्या गोळ्या घरी आणून फळीवर बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवल्या.

कोसाडला त्यांचं दोन खोल्यांचं घर. छगन घरी आला आणि घराचं खातं झालं. ललित मोरीपाशी उभा राहून धुरपदाबाईशी ओठांनी बोलायचा. धुरपदाबाई चुलीपाशी पदराआडून, म्हणजे पदर डोळ्यांना आणि ओठ मोकळे, अशी बोलायची. मी दारातून भर घालायचो. मधे खाटेवर छगन. मोठ्यानं बोलायची ती एकटी सून वर्षा. ती नंदुरबारची, खात्यात कधी गेली नव्हती. तिला पहिल्या दिवशीच खरं सांगितलं होतं, पण ओठांचं काही कळायचं नाही. "काय हो हे, घरात सगळे टाकीतल्या माशासारखी तोंडं हलवता!" असं म्हणून आपटत-आदळत निघून जायची.

ललितनं काविळीचं नाटक पक्कं वठवलं. उसाचा रस आणला. कामरेजला कोणी एक बाबा काविळीची माळ घालतो असं कळलं, तर रिक्षा करून तिकडं घेऊन गेला. माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी ती लांबत लांबत खाली सरकते. छगन मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा रिक्षात बसून परत आला.

दुसऱ्या दिवशी घरात आम्ही दोघंच होतो. छगननं माझ्याकडं बघितलं आणि आवाज न काढता ओठ हलवले. "आप्पा, कॅन्सर म्हनताना त्या गाढवाना दात केवढा दिसतस रे!"

मी स्टुलावरून पडलो. ही थाप नाही, कोपराला खूण आहे.

"म्हणजे तुला..."

"माले समदं माहीत शे. वॉर्डमां तुम्ही दोन्ही मना तोंडवर बोलनात. मी आंधळा शे का?"

"मग बोलत का नाहीस?"

छगननं डोक्यावरची माळ काढून बोटावर गुंडाळली. आता तो आवाजानं बोलला, पण हळू. "पोरगा रोज इचारस, आबा, कोठे दुखस? मी म्हनस, नही. त्यानं तोंड असं खुलस ना आप्पा! त्याले वाटस, डॉक्टर चुकना. मी एकदा दुखस म्हनलं ना, का त्यानी आशा गई. तू सांगू नको त्याले. शपथ शे तुले."

शपथ मी लगेच घेतली. शपथ घ्यायला मी कधीच कंटाळत नाही.

पण दुखत होतं. ते मला कसं कळलं, ऐका. एकदा मी गेलो, तर छगन खाटेच्या कडेला बसून पार पुढं वाकलेला, कपाळ गुडघ्यावर, उशी पोटाशी आवळलेली, एक हात खाटेखाली चाचपत. मला बघून म्हणाला, "चप्पल सापडी नही राहिनी." दुसऱ्या दिवशी गेलो, तीच बैठक. चप्पल. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा चपला त्याच्या पायातच होत्या. त्या जागी गाठ असली की माणसाला पुढं वाकल्यावर जरा उतार पडतो, हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की हा चप्पल शोधत नाही.

ललितला मात्र चप्पलच दिसली. बापाच्या चपला हरवतात म्हणून त्यानं रबरी जोड आणला. तरी बाप शोधतोच आहे म्हणून चामड्याचा आणला. मग अंगठ्याचे, मग पट्ट्याचे. खाटेखाली बाटाच्या दुकानालाही लाज वाटेल इतके जोड झाले आणि छगन त्यांच्यावर ओणवा होऊन घाम गाळत तीच एक चप्पल शोधायचा. वर्षा म्हणायची, "आबा, तुम्ही काय गोम आहात का? एवढ्या चपला घालणार कशात?" छगन हसायचा. हसताना दात आवळलेले असायचे.

वर फळीवर गोळ्यांचा डबा, खाली चपलांचा ढीग आणि मधे वाकलेला माणूस. मला राहवेना. मी खात्याबाहेर ललितला गाठलं आणि घेतलेली शपथ मोडली.

"ललित, तुझ्या आबाला सगळं माहीत आहे. आणि त्याला मरणाचं दुखतंय. चप्पल-बिप्पल काही नाही, गोळी दे."

ललितनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आप्पा, मागच्या महिन्यात तुम्ही तापीत मगर बघितली, नाही का? मागातला धोटा गिळलेली? आणि ती श्वास सोडायची तेव्हा नाकातून साडी निघायची?"

"ती गोष्ट वेगळी."

"कोणत्या रंगाची साडी होती?"

"मोरपंखी. अरे, पण हे खरं आहे!"

"जाऊ द्या ना, आप्पा. आबाला मी रोज विचारतो. दुखत असतं तर ते मला बोलले नसते?" आणि पोरगा असा हसला, की छगन काय जपत होता ते मला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि त्याचं हे असं झालं. त्यापेक्षा मगर बरी.

मग मी ठरवलं, जे आपल्याला येतं तेच करावं.

रविवारी दुपारी सगळे घरात होते. धुरपदाबाईनं छगनसाठी वांग्याचं भरीत केलं होतं. वर्षा भाकरी थापत होती. ललित मोरीपाशी पाय धूत होता. छगन खाटेवर ओणवा, हात खाली. मी दाराच्या चौकटीला टेकलो, ललितला खूण केली आणि छगनच्या डोक्यावरून ओठ हलवायला सुरुवात केली. छगननं मान तिरकी केलेली मी पाहिली. माझे ओठ त्याला नीट दिसत होते.

मी बिनआवाजी म्हणालो, "ललित, एक गोष्ट तुला सांगायची राहिली. टपरीवरची मंदा आठवते? तुझा आबा तिच्या मागं होता. तिला त्यानं शेठच्या ताग्यातली साडी फाडून दिली होती. जांभळी. तुझ्या आईला सांगायचा, पाळी डबल आहे, आणि जायचा मंदाला घेऊन डुमसला, भजी खायला."

ललितच्या हातातला तांब्या पडला. धुरपदाबाईच्या हातातलं भरीत तव्यावर पडलं. आणि खाटेवरचा मरणाच्या दारातला माणूस ताडकन सरळ झाला. त्यानं असा आवाज काढला, की खात्यातले सगळे माग चालू असते तरी तो वराछापर्यंत ऐकू गेला असता.

"खोटं शे! मंदाना मांगे हाऊ आप्पा व्हता, मी नही! भजी यानीच खाधी!"

वर्षा भाकरीचं पीठ हातात घेऊन म्हणाली, "काय झालं? कोणी काय बोललं? कोणीच तर काही बोललं नाही!"

ललित बापाकडं बघत होता. मग मोरीकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, जिथं जिथं उभा राहून तो इतके दिवस ओठांनी बोलला होता त्या एकेका जागेकडं बघितलं. मग खाटेखालच्या चपलांकडं.

छगननं माझ्याकडं जे बघितलं त्याला शिवीची गरज नव्हती. तेवढ्यात कळ आली असावी. तो पुन्हा वाकला. हात सवयीनं खाटेखाली गेला.

ललित जागचा हलला नाही. तिथूनच, पाय ओले, त्यानं आवाज न काढता विचारलं, "आबा, दुखस का?"

खात्यात बाप त्याला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा इकडच्या भिंतीपासून तिकडं असंच काहीतरी विचारत असेल. छगननं मान वर केली. बराच वेळ पोराचे ओठ बघत राहिला, अजून काही उरलंय का त्यांच्यावर, असं. मग त्याचेही ओठ हलले.

"भलतं दुखस रे, बाबू."

ललित रडला, हे खरं. पण रडता रडताच फळीपर्यंत गेला, डबा काढला आणि गोळी दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं मात्रा बसवून दिली, आणि दोन्ही वेळी डोकी एकत्र करून बाप-लेक घड्याळ बघू लागले. आठवड्याच्या आत छगन पाठ टेकून झोपायला लागला. इतका सपाट, की वर्षानं एकदा घाबरून त्याच्या नाकाशी हात धरला. तो डोळे न उघडता म्हणाला, "आजून नही, माय. भाकर जळी राहिनी."

माळ काढून टाकली. रस बंद झाला. घरात आता सगळे मोठ्यानं बोलायचे, छगन सगळ्यात मोठ्यानं. कोणाला काय द्यायचं, कोणाला खांद्याला बोलवायचं नाही, हे त्यानं खाटेवर बसून सांगितलं. माझं नाव दुसऱ्या यादीत होतं. मग पहिल्या यादीत घेतलं, कारण मी सोडून त्याच्या उंचीचं कोणी नव्हतं.

फाल्गुनात तो गेला. झोपेत, पाठीवर.

दारात माणसं जमली. चपलांचे ते सगळे कोरे जोड ललितनं खात्यातल्या कारागिरांना वाटून टाकले होते, त्यामुळे त्या दिवशी अख्खी शवयात्रा नव्या चपलांत होती. एक पट्ट्याचा जोड माझ्याही पायात होता, बोटाला चावत होता. बायका रडत होत्या. मधे धुरपदाबाई बसली होती, पदर डोळ्यांना, ओठ मोकळे. अंगणाच्या या टोकाला मी.

तिनं पदर थोडा बाजूला केला, थेट माझ्याकडं बघितलं आणि आवाज न काढता ओठ हलवले.

"जांभळी साडी कोठे गई?"

मी खाली वाकलो आणि चप्पल शोधू लागलो.