जेवढी बाकी, तेवढे फटके

सरांनी कडी काढली आणि तोंडावर ठोसा बसला. चष्मा कोपऱ्यात गेला, ओठ फाटला. ‘कोण?’ विचारायच्या आत एका आडदांड वेल्डरने त्यांना मानगुटीला धरून खुर्चीत आपटलं. त्याच्या दुसऱ्या हातात लोखंडी गज होता.

“ओळखलंत?”

नाही ओळखलं. तीस वर्षांत सरांनी इतकी पोरं बडवली होती की चेहरे कुठवर लक्षात ठेवणार!

वेल्डरने टेबलावर खडूने आकडा लिहिला: ३१८५११४५७२९०. मग मात्र सरांनी ओळखलं. पोरं विसरली तरी आकडे विसरतील ते सर कसले!

“तेराने भागा. नियम तुमचाच. जेवढी बाकी, तेवढे फटके.”

त्या दिवशी वर्गात हा पोरगा म्हणाला होता, बाकी काही उरत नाही. सर म्हणाले होते, दहा उरते. दहाही फटके डाव्या कानाखाली बसले आणि तो कान कायमचा गेला.

“दहा,” सर आताही म्हणाले. आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

“बरं. दहा.”

पहिला गज खांद्यावर. दुसरा कोपरावर. तिसऱ्याने बरगडी मोडली. चौथा डाव्या हाताच्या बोटांवर आला, आणि सर गुरासारखे ओरडले. “थांब! परत करतो!”

त्यांनी उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडले. सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार एक हजार एक. म्हणून एकाआड एक गट मिळवायचे आणि दोन बेरजांची वजाबाकी भागून पाहायची. दोनशे नव्वद आणि पाचशे अकरा, आठशे एक. चारशे सत्तावन्न आणि तीनशे अठरा... सात नि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक.

हातचा एक!

तोच तर तेव्हा धरायचा राहिला होता. सातशे पंचाहत्तर. उरले सव्वीस. तेर दुणे सव्वीस.

“किती?”

“शून्य.” टेबलावर रक्त ठिबकत होतं.

गज खाली आला. वेल्डरचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. “मग माझे दहा कशाचे होते, सर? चुकलो म्हणा. एवढंच. जातो मी.”

“चुकलो,” सर पुटपुटले.

“त्या बाजूने ऐकू येत नाही मला.” त्याने उजवा कान त्यांच्या तोंडाशी आणला. “मोठ्याने.”

सरांनी श्वास घेतला. उभ्या जन्मात हा शब्द त्यांनी कुणासमोर मोठ्याने उच्चारला नव्हता. बायकोसमोरही नाही. जीव वाचत होता, शब्द जिभेवर होता, आणि लाज त्याच्या आडवी उभी होती.

“तू... तू तेव्हा पायऱ्या दाखवल्या नव्हत्यास,” सर म्हणाले.

वेल्डर सरळ झाला. त्याने गज पुन्हा उचलला. चार झाले होते, सहा उरले होते.